दुसरी पिचर

विभागीय स्पर्धा खेळून मुलगी परत आली, की ताई तिच्या वडिलांना सगळ्यांत आधी एकच विचारतात : "हिनं दोन दिवसांत किती बॉल टाकले?" या प्रश्नाचं उत्तर क्वचितच कुणाला देता येतं. किती जणींना स्ट्राइकआउट केलं, कितव्या इनिंगला रन गेला, अंपायरनं कुठला निर्णय चुकीचा दिला, हे सगळं वडिलांना तोंडपाठ असतं. टाकलेल्या बॉलचा हिशेब मात्र कुणाकडेच नसतो. शालेय सामन्यांच्या स्कोअरशीटवर तो लिहायची पद्धत नाही, आणि मुलीला विचारलं तर ती म्हणते, "खूप."

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी ताई सॉफ्टबॉल शिकवतात. शाळेत नोकरी आणि सकाळ-संध्याकाळ मैदान, असा त्यांचा दिवस. शाळेपासून विद्यापीठापर्यंत त्या स्वतः पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, म्हणून खेळल्या. त्यांच्या काळी गावात सॉफ्टबॉलचं नाव काढलं की लोक "क्रिकेटसारखंच ना ते?" म्हणायचे. आता जळगाव, जालना, अमरावती, पुणे अशा जिल्ह्यांत हा खेळ चांगला रुजला आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेत बाकीचे संघ महाराष्ट्राला वचकून असतात. मुली त्यांना मॅडम म्हणत नाहीत, ताई म्हणतात, तेव्हा इथंही ताईच.

हाताखालून गेलेल्या पिचरची आठवण काढताना ताईंना एक गोष्ट खटकत आली. ज्या मुली सगळ्यांत चांगल्या होत्या, त्यांतल्याच बऱ्याच पंधराव्या-सोळाव्या वर्षी खेळ सोडून गेल्या. घरचे सांगत, दहावी आहे. पण त्याच संघातली कॅचर दहावीला होती, शॉर्टस्टॉप दहावीला होती, आउटफिल्डमधल्या दोघी दहावीला होत्या. परीक्षा संपली तशा त्या मैदानावर परत आल्या. पिचर आली नाही. अभ्यास हेच खरं कारण असतं, तर ते सगळ्यांना सारखं लागू पडायला हवं होतं. हे लक्षात आल्यावर ताईंनी शिकवण्याची घडीच बदलली.

पिचर आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळात उभी असते. तिच्या हातून बॉल सुटल्याशिवाय मैदानावर काहीच घडत नाही. विंडमिल पद्धतीत हात खांद्यातून पूर्ण गरकन फिरतो, मागचा पाय पिचिंग प्लेटवरून शरीराला पुढं लोटतो, पुढचा पाय जमिनीत रोवला जातो आणि बॉल मांडीजवळून सुटतो. बॉल खालून सुटतो म्हणून एक समजूत पक्की बसली आहे : हात डोक्यावरून येत नाही, मग खांद्याला कसला त्रास? मुलगी दिवसभर टाकू शकते. क्रीडा शिक्षक हे सांगतात, पालक सांगतात, जुन्या खेळाडूही सांगतात. पण १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचरचा अभ्यास झाला, तेव्हा बॉल टाकताना हाताला खांद्यातून निसटू न देण्यासाठी लागणारा जोर शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के भरला होता. पन्नास किलोच्या मुलीचा खांदा दर बॉलला चाळीस किलोची ओढ सोसत असेल, असं ताई पालकांना सांगतात. मग ते जरा सावरून बसतात. दंडाच्या पुढच्या बाजूचा बायसेप्स तर वरून फेकण्यापेक्षा विंडमिलमध्ये जास्त राबतो, हेही २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणूनच या मुली दुखतं कुठं विचारलं की खांद्याच्या वरच्या टोकाला हात लावत नाहीत, पुढच्या बाजूला, काखेच्या थोडं वर बोट ठेवतात.

२०१७ सालचा आणखी एक अमेरिकी अभ्यास ताईंना फार महत्त्वाचा वाटतो. १४ ते १८ वर्षांच्या पिचर शनिवार-रविवारच्या स्पर्धांत लागोपाठ दिवस खेळतात तेव्हा काय होतं, हे त्यात तपासलं होतं. खांद्याची ताकद दिवसागणिक कमी होत गेली, दुखणं आणि थकवा वाढत गेला, आणि एका रात्रीच्या झोपेनं ते भरून निघालं नाही. आपल्याकडच्या जिल्हा आणि विभागीय स्पर्धा याहून वेगळ्या नसतात. बाद पद्धतीचे सामने, दोन दिवसांत आटपायचे, सकाळी एक, दुपारी एक, जिंकलं तर लगेच तिसरा. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांनी दिलेला सल्ला असा आहे : १० ते १२ वर्षांच्या मुलीनं एका सामन्यात ६५ आणि दिवसात ९५ पेक्षा जास्त बॉल टाकू नयेत, लागोपाठ तिसऱ्या दिवशी तर एकही नाही, १३-१४ वर्षांच्या मुलीला सामन्यात ८०, दिवसात ११५. आपल्या चौदा वर्षांखालच्या गटातली भरवशाची पिचर हे आकडे दुपारच्या जेवणाआधीच ओलांडते.

मोजायचं तर मोजणार कसं, हा पहिला प्रश्न होता. वहीवर रेघा मारायला बसवलेली मुलगी खेळ रंगला की रेघा विसरते. त्यावर उपाय सापडला मुक्ताईनगरला. देवळाबाहेरच्या दुकानात नामजपासाठी बोटात घालायचं डिजिटल काउंटर मिळतं, अंगठीसारखं, वरचं बटण दाबलं की आकडा एकानं पुढं सरकतो. ताईंनी मूठभर घेतली. आता बेंचवरची एक मुलगी ते बोटात घालून बसते आणि दर पिचला बटण दाबते. वॉर्मअपचे बॉलसुद्धा ती मोजते, कारण खांद्याला वॉर्मअप आणि सामना यांतला फरक कळत नाही. इनिंग संपली की ती आकडा मोठ्यानं सांगते. सुरुवातीला समोरच्या संघाचे सर विचारायचे, "काय मॅडम, जप चाललाय का?" पुढच्या हंगामात त्यांच्यातल्याच एकानं तसलं काउंटर कुठं मिळतं म्हणून फोन केला.

पण खांदा ही अर्धीच गोष्ट. खेळावरून मन उडतं ते कुठल्याही एक्स-रेमध्ये दिसत नाही.

नववीतली एक मुलगी होती. उंच, लांब हातांची, बॉलला छान वेग. वडील एसटीत कंडक्टर. त्यांनी गच्चीच्या भिंतीवर गेरूनं स्ट्राइक झोनचा चौकोन काढला होता. ड्यूटी संपवून आले की बल्बच्या उजेडात रोज शंभर बॉल. पकडायला ते स्वतः प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचे, हातात क्रिकेटच्या कीपरचे ग्लोव्ह्ज. लेकीसाठी एवढं करणारा बाप पाहून कुणालाही भरून यावं. मुलीलाही ते आवडायचं. ती राज्य स्पर्धेपर्यंत गेली, संघ हरला, शेवटच्या इनिंगला तिनं दिलेल्या वॉकवर, म्हणजे फुकट दिलेल्या बेसवर, रन गेला.

त्यानंतर ती रोज सरावाला येत होती. गैरहजेरी नाही, तक्रार नाही. बदल इतके बारीक होते की आधी ताईंच्याही लक्षात येईनात. पूर्वी कॅचरकडून बॉल आला की ती चालता चालता तो हवेत उडवायची, हातमोज्याच्या पाठीवर झेलायची, पुन्हा उडवायची. ते थांबलं. बॉल आला की सरळ प्लेटवर जाऊन उभी. बुटाच्या नाड्या वारंवार सुटू लागल्या. पाण्याच्या टाकीकडे गेली की पाच-दहा मिनिटं परत यायची नाही. स्कोअर लिहायला कोण बसतंय विचारलं की हिचा हात वर. आणि एक दिवस आभाळाकडे बघत तिनं विचारलं, "ताई, आज पाऊस येईल का हो?" तिच्या आवाजात पाऊस यावा अशी इच्छा होती.

डॉक्टरांनी खांदा तपासला, काही निघालं नाही. खरं काय ते कॅचरकडून कळलं. या दोघी एका बाकावर बसायच्या. कॅचर म्हणाली, "ती म्हणते, मी चुकले की सगळे हरतात, आणि मी नाही चुकले तर कुणाला कळतच नाही." ताईंनी हे वाक्य नंतर किती पालकांना ऐकवलं असेल. त्या दिवसापासून ताई आठवड्यातून एकदा कॅचरला बाजूला घेऊन विचारतात की पिचरचं कसं चाललंय. दर बॉलला पिचरचा चेहरा समोरून पाहणारी संघात ती एकटीच. तिला जे दिसतं ते डगआउटमधून दिसत नाही.

ताई त्या मुलीच्या घरी गेल्या आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत पिचिंग बंद. सेंटरफिल्डला खेळू दे, बॅटिंग करू दे. वडिलांचा चेहरा उतरला. निवड चाचणी तोंडावर होती. चहा झाला, बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "मॅडम, मग संध्याकाळी गच्चीवर आम्ही करायचं काय?" या प्रश्नात सगळं आलं होतं. दिवसभर बसमध्ये उभं राहणाऱ्या माणसाचा लेकीसोबतचा तेवढाच वेळ होता. ताई म्हणाल्या, "बॅडमिंटन खेळा. पॉइंट मोजू नका." वडिलांनी नेट बांधलं. दिवाळीनंतर मुलीनं आपणहून बॉल मागितला. राज्याच्या संघात ती निवडली गेली नाही, हेही सांगायला हवं. कॉलेजला फर्स्ट बेसवर खेळली, गरज पडली की पिचिंग करायची. आज ती एका शाळेत शिकवते आणि सुट्टीत गावी आली की मैदानावर येते.

सगळ्यांचं असं होत नाही. त्याआधीच्या एका मुलीचा हात ताईंनी पाहिलेल्यांत सर्वांत वेगवान होता. ती शाळेकडून खेळायची, जिल्ह्याच्या संघातून खेळायची आणि शेजारच्या शहरातल्या एका क्लबकडूनही. तिघांचे तीन प्रशिक्षक, तिघांची तीन वेळापत्रकं. प्रत्येकाला आपला सराव बेताचाच वाटत होता, आणि एकेकटा पाहिला तर तो बेताचा होताही. बेरीज कुणीच केली नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं, मग कोपराखाली, मग बर्फाच्या पिशव्या, मग वेदनाशामक गोळ्या. दहावीच्या निकालानंतर तिनं हातमोजा एका छोट्या मुलीला देऊन टाकला. आता बाजारात भेटली की ती शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल भरभरून बोलते. सॉफ्टबॉलचा विषय निघाला की भाजीवालीकडे वळते. तेव्हापासून ताईंचा नियम आहे : मुलगी दुसऱ्या कुठल्या संघात खेळत असेल तर त्या प्रशिक्षकाचा फोन नंबर आधी घ्यायचा आणि दर रविवारी रात्री दोघांनी आकडे जुळवायचे. काही जणांना ही ढवळाढवळ वाटते. वाटू दे.

थकवा आणि आळस यांत घोळ होतो तो वेगळाच. एका मुलीला सगळे आळशी म्हणत. दोन इनिंग झाल्या की हात खाली, चेहरा पांढरा, तिसऱ्या इनिंगला बॉल जमिनीत. सराव वाढवा, असा सल्ला आला. ताईंनी तिला ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्ताची कमतरता आहे, आणि खेळणारी मुलगी या आकड्याला अपवाद नसते. स्पर्धेच्या गावी मुक्काम एखाद्या शाळेच्या वर्गात, सतरंजीवर. सकाळी पोहे, दुपारी जे मिळेल ते, पाळी आली असेल तर बरोबरच्या सरांना सांगायचं कसं म्हणून गप्प. अशा अवस्थेत वर्तुळात उभी राहिलेली मुलगी सलग दोन वॉक देते आणि बाहेरून कुणीतरी ओरडतं, "मन लावून टाक!" 'आळशी' म्हटलेल्या त्या मुलीला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, डब्यात शेंगदाणे-गुळाचे लाडू आणि पालेभाजी येऊ लागली. काही महिन्यांनी ती पूर्ण सामना टाकू लागली. आळस कुठं गेला, हे मग कुणी विचारलं नाही. आता हंगाम सुरू होण्याआधी सगळ्या संघाची रक्ततपासणी होते आणि स्पर्धेला बाईमाणूस बरोबर असल्याशिवाय संघ एसटीत चढत नाही.

एवढं सगळं करूनही मूळ दुखणं जागेवर राहतं, ते म्हणजे एकच पिचर. जिंकायचं तर तिनंच टाकायचं, हे संघाला, शाळेला, पालकांना आणि हळूहळू तिलाही पटलेलं असतं. मग ती आजारी पडू शकत नाही, लग्नाला जाऊ शकत नाही, वाईट खेळू शकत नाही.

या विचाराला खतपाणी घालणारी एक गोष्ट सॉफ्टबॉलच्या जगात आदरानं सांगितली जाते. २००८ चं बीजिंग ऑलिंपिक. जपानच्या युकिको उएनो यांनी २० ऑगस्टला एकाच दिवशी दोन सामने टाकले. अमेरिकेविरुद्धचा नऊ इनिंगचा सामना हरला, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा बारा इनिंगपर्यंत लांबलेला जिंकला. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत पुन्हा त्याच, आणि जपाननं आधीची तिन्ही सुवर्णपदकं जिंकलेल्या अमेरिकेला ३-१ असं हरवलं. दोन दिवसांत ४१३ बॉल. जपानमध्ये हा आकडा घराघरांत माहीत आहे. आपल्याकडच्या शिबिरांतही तो सांगितला जातो, पण तेरा वर्षांच्या मुलीला हे सांगताना उएनो तेव्हा २६ वर्षांच्या, पूर्ण वाढ झालेल्या, नोकरीसारखा रोज तोच खेळ खेळणाऱ्या खेळाडू होत्या, हे सांगायचं राहून जातं.

ताई त्या गोष्टीचा पुढचा भाग सांगतात. लंडन आणि रिओ ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल नव्हताच. तो परतला टोकियोत. २७ जुलै २०२१ ला योकोहामात अंतिम सामना, पुन्हा जपान आणि अमेरिका. उएनो आता ३९ वर्षांच्या. सुरुवात त्यांनीच केली, पण सहाव्या इनिंगला त्यांच्या जागी वर्तुळात आली वीस वर्षांची मिऊ गोतो. त्याच इनिंगला तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हाताला लागून उडालेला बॉल शॉर्टस्टॉपनं हवेतच पकडला, दुसऱ्या बेसवर फेकला आणि डबल प्ले झाला. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीपासून खेळणारी खेळाडू बाहेर गेली तरी एकदा परत येऊ शकते. सातव्या इनिंगला उएनो परत आल्या आणि सामना २-० असा संपला. गोतो त्या स्पर्धेत आधीपासूनच उएनोंच्या पाठोपाठ उतरत होती. तेरा वर्षांनी दुसरं सुवर्ण आलं, ते दोघींच्या हातांनी. हा सामना ताई दर वर्षी मुलींना मोबाइलवर दाखवतात, आणि सहाव्या इनिंगला थांबवून विचारतात, गोतो नसती तर?

दुसरी पिचर शोधणं ऐकायला सोपं वाटतं. वेगवान मुलीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. दुसरी म्हणून जिला घ्यायचं ती सुरुवातीला साधारणच दिसते. ताई आता वेग पाहत नाहीत. बॉल चुकल्यावर मुलगी काय करते ते पाहतात. एक मुलगी त्यांनी खो-खोच्या मैदानावरून उचलली. खुंटाजवळ खो चुकला, फाउल दिला गेला, आणि ती पुढच्याच क्षणी सावरून पुन्हा खेळू लागली. तिला आधी जवळून टाकायला लावलं. मोठ्या मुलींच्या खेळात पिचिंगचं अंतर ४३ फूट असतं. अमेरिकेत दहा वर्षांखालच्या मुली ३५ फुटांवरून आणि बारा वर्षांखालच्या ४० फुटांवरून टाकतात, आणि दहाखालच्यांना बॉलही बारा इंच परिघाऐवजी अकरा इंचांचा देतात. आपल्याकडे नवशिकीला पहिल्याच दिवशी पूर्ण अंतरावर उभं करतात आणि बॉल पोचला नाही की 'हिला जमणार नाही' म्हणून शिक्का बसतो. ताईंनी तिला महिनाभर जवळूनच टाकू दिलं. वेगाआधी चेंजअप शिकवला. बॅटरला जोराचा बॉल येतोय असं वाटतं आणि तो उशिरा, संथ येतो. समोरची बॅट लवकर फिरली की ती मुलगी खुदकन हसायची.

मग नियम केला. आघाडीवर असो वा पिछाडीवर, प्रत्येक सामन्यात किमान एक इनिंग दुसरीची. पहिल्या पिचरला बाहेर बसवावं लागत नाही, तिला फर्स्ट बेसवर पाठवता येतं आणि लागलं तर परत आणता येतं; नियम त्याला आडवे येत नाहीत. आडवी येतात ती माणसं. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात ताईंनी चौथी इनिंग दुसरीला दिली. तीन वॉक, एक हिट, आघाडी गेली, सामना गेला. संघ विभागाला पोचला नाही. पालकांचा घोळका मैदानातच आला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "जिंकत होतो ना आपण?" त्यांचा प्रश्न रास्त होता. ताईंनी काउंटरचा आकडा दाखवला : पहिल्या मुलीचे त्या दिवशीचे बॉल तोवर शंभरावर गेले होते, आणि ती तेरा वर्षांची होती. मुख्याध्यापकांनी ताई आणि पालक यांपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही, पण ताईंना थांबवलंही नाही. पुढच्या वर्षी त्याच दोन मुलींनी अर्धे-अर्धे सामने टाकून संघाला राज्य स्पर्धेपर्यंत नेलं. आणि अधिक महत्त्वाचं म्हणजे दोघीही बारावीपर्यंत खेळल्या.

पालकांची भीती समजून घ्यावी लागते. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, आणि ज्या घरात पहिली पदवी अजून यायची आहे तिथं राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र ही छोटी गोष्ट नसते. ताई त्यांना हिशेबाच्याच भाषेत समजावतात. सांघिक खेळात प्रमाणपत्र संघाला मिळतं. चारशे बॉल टाकणारीचं आणि राइटफिल्डला उभी राहणारीचं प्रमाणपत्र सारखंच असतं. मग सगळं ओझं आपल्या मुलीच्या खांद्यावर का? तिचे निम्मे बॉल दुसरीनं टाकले तर तिच्या प्रमाणपत्रातलं काही कमी होत नाही, उलट पुढची दोन-तीन वर्षं वाढतात. हा युक्तिवाद बहुतेकांना पटतो. दुसरी विनंती पाळायला अवघड जाते : सामना संपवून घरी जाताना गाडीवर मॅचचा विषय काढायचा नाही. मागं बसलेली मुलगी वडिलांचा चेहरा पाहू शकत नाही, फक्त पाठ पाहते, आणि 'तो तिसरा बॉल तू असा का टाकलास' हे वाक्य हेल्मेटमधून आलं की रागानंच विचारलंय असं वाटतं. घरी जा, जेवा, तिला बोलायचं असेल तर ती बोलेल.

वर्षाचा आराखडा हा आणखी एक झगडा. जूनमध्ये शाळा सुरू, पावसात सराव, ऑगस्टपासून जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मध्ये सॉफ्टबॉल संघटनेच्या वयोगटांच्या स्पर्धा, फेब्रुवारी-मार्चला परीक्षा आणि परीक्षा संपते न संपते तोच उन्हाळी शिबिरं. यात विश्रांती बसवणार कुठं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००७ सालीच सांगून ठेवलंय की मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवी आणि वर्षातून दोन ते तीन महिने त्या खेळापासून लांब राहायला हवं. ताईंनी एप्रिल-मे निवडले. जळगावकडचं ते ऊन, पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा वर्तुळात उभं राहण्यात तसाही अर्थ नसतो. शिबिर होतं, पण पिचरना बॉल मिळत नाही. त्या सकाळी पोहायला जातात, संध्याकाळी खो-खो, लगोरी, काहीही. फी भरलेल्या एखाद्या पालकाला हे रुचत नाही आणि तो मुलीला दुसऱ्या शिबिरात घालतो. ताई अडवत नाहीत. जूनमध्ये कोण कशी परत येते, ते सगळ्यांना दिसतंच : दोन महिने बॉल न धरलेल्या मुली पहिल्या आठवड्यात वाकडंतिकडं टाकतात आणि पंधरा दिवसांत पूर्वीपेक्षा सहज टाकू लागतात.

गेल्या हंगामाआधी जिल्ह्यातल्या क्रीडा शिक्षकांच्या बैठकीत ताईंनी लेखी प्रस्ताव दिला. चौदा वर्षांखालच्या गटात एका पिचरनं दिवसात किती इनिंग टाकायच्या याला मर्यादा घाला, आणि एका संघाचे दोन सामने एकाच दुपारी लावू नका. चर्चा बरीच झाली. लहान गावांतल्या शाळांचा आक्षेप खरा होता : "मॅडम, आमच्याकडे पिचर आहेच एक. मर्यादा आली तर आम्ही स्पर्धेत उतरायचंच नाही का?" यावर ताईंनी रविवार सकाळ देऊ केली. कुठल्याही शाळेनं यावं, फी नाही, अट एकच, एका मुलीला आणायचं नाही, दोघींना आणायचं. पहिल्या रविवारी एक सर त्यांची भरवशाची पिचर एकटीच घेऊन आले. ताईंनी दोघांना चहा-बिस्किटं दिली, तिचा सराव काही घेतला नाही. पुढच्या रविवारी सर परत आले तेव्हा मोटारसायकलवर मागं दोघी होत्या. दुसरी हँडबॉल खेळणारी, सॉफ्टबॉल तिनं कधी हातात धरला नव्हता. तिचे पहिले कितीतरी बॉल जाळीवरून रस्त्यावर गेले आणि भरवशाची पिचर हसत हसत ते आणायला धावत होती. प्रस्तावावर अजून निर्णय झालेला नाही. येत्या जुलैच्या बैठकीत तो पुन्हा मांडला जाईल, आणि या वेळी त्याखाली ताईंबरोबर त्या सरांचीही सही आहे.